मामा रडेपर्यंत

सोमवारी सकाळी ओंकार अंगणात दात घासत उभा असताना एक कावळा आला, त्याच्या डोक्याला पाय लावून गेला आणि समोरच्या तारेवर बसून निर्विकारपणे पंख साफ करू लागला. कावळ्याच्या दृष्टीने काम संपलं होतं. ओंकारच्या आईच्या दृष्टीने ओंकार संपला होता.

"शिवला तुला," सविता उंबऱ्यातून म्हणाली.

"चुकून लागला असंल. केस वाढलेत माझे."

सविता वाद न घालता मोबाइल शोधायला आत गेली. खरं तर तिथेच ओंकारला भीती वाटायला हवी होती, कारण आईने वाद सोडलेला त्याने आजवर पाहिला नव्हता. पण त्याला कामावर जायला पवनानगरची जीप गाठायची होती.

कावळा शिवला की मरण येतं, आणि त्यांच्या औंढे गावात त्यावर एकच उतारा चालतो. ज्याला शिवला तो मेला, असा खोटा सांगावा मामाकडे धाडायचा. मामा खरंखुरं रडला की मरण येऊन गेलं असं धरतात. मग मामाला खरं सांगायचं, चार शिव्या खायच्या आणि कामाला लागायचं. पूर्वी सांगावा घेऊन माणूस चालत जायचा. सविताने मोबाइल घेतला आणि शिरगावला साईबाबांच्या देवळासमोर फुलं विकणाऱ्या आपल्या भावाला, हौशीरामला, रडव्या आवाजात निरोप पाठवला. "दादा, आपला ओंकार गेला. पार्कातल्या दोरीवरनं पडला." पार्क घातला, कारण मरायला काहीतरी कारण लागतं. आणि निरोप गेला घरच्या ग्रुपवर, कारण एकट्या दादाचं नाव शोधायला तिला चष्मा सापडेना.

ओंकार ज्या पार्कात कामाला होता त्याचं नाव गगनझेप. तिथे लोक पैसे भरून दोरीला लटकायचे आणि दरीच्या या टोकापासून त्या टोकाला किंचाळत जायचे. ओंकार कधी लटकला नव्हता. घरच्या माळ्यावर चढतानाही त्याला घाम फुटायचा. त्याचं काम बसून होतं. 'अफवा प्रतिबंध कक्ष' म्हणजे दोन खुर्च्या, एक संगणक आणि शेजारी निलेश. इंटरनेटवर कुठेही पार्कच्या नावाशेजारी 'तुटला', 'पडला', 'मेला' असलं काही उगवलं की पडदा लाल व्हायचा. मग खात्री करायची, मॅडमचा चहा निवायच्या आत खंडन टाकायचं आणि अफवा पहिल्यांदा सोडणारा शोधून पोलिसांत द्यायचा. या शेवटच्या बाबतीत पार्क चालवणाऱ्या अनघा मॅडम फार कडक होत्या. एका गिऱ्हाइकाने 'दोरीपेक्षा इथल्या मिसळीची भीती वाटते' असं लिहिलं, तर त्यालाही वकिलाची नोटीस गेली होती.

त्या दिवशी पडदा लाल झाला तो चहा यायच्या आधीच. 'मावळ दणका' नावाच्या पानावर बातमी होती: पार्कचा दोर तुटून औंढ्याच्या तरुणाचा मृत्यू. खाली तरुणाचा फोटो होता. फेटा, गॉगल आणि भोवती कमळांची चौकट.

निलेशने फोटोकडे पाहिलं, मग ओंकारकडे पाहिलं. "फेटा चांगला दिसतो तुला," तो म्हणाला.

मॅडम धावत आल्या. मयत कोण, नातेवाईक कुठे, आपल्याकडे कुणी ओळखतं का, असं त्यांनी एका दमात विचारलं.

"मीच आहे मॅडम."

मॅडमनी त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "छान. म्हणजे खात्री करायचं काम झालं. आता हे पहिल्यांदा कोणी टाकलं ते शोध. आज मी कुणाला सोडणार नाही."

शोधायला ओंकारला फार लांब जावं लागलं नाही. घरचा ग्रुप उघडला तर पहिलाच निरोप आईच्या आवाजात होता. ज्या खुर्चीत बसून त्याने आजवर लोक पकडून दिले, त्याच खुर्चीतून आता आईला ठाण्यात धाडायची पाळी आली होती. तो जिन्याखाली गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"आई, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग, मी जिता हाय."

"आजाबात न्हाई. दादा रडला न्हाई अजून."

"पोलीस येतील तुला न्यायला."

"येऊ द्यात. त्ये परत सोडत्यात. कावळा सोडत न्हाई." मग ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "त्यानं दोनदा ऐकलं रं. म्हनतो, ओंक्या माळ्यावर चढंना, दोरीवर कसा चढंल?"

म्हणजे अख्ख्या मावळात बातमीची खात्री करून घेणारा एकच माणूस निघाला होता, आणि तो नेमका मामा होता.

हा सगळा खुळेपणा आहे, असं स्वतःला समजावत ओंकार खुर्चीत येऊन बसला. खुर्चीचं चाक निखळलं आणि तो पालथा पडला. उठताना त्याने विजेच्या किटलीचा आधार घेतला, तर किटलीने झटका दिला. आता तो जमिनीवरच बसला आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत राहिला. पंखा जरा जास्तच हलत होता.

"निल्या," तो हळूच म्हणाला, "माझ्या मामाला फोन लाव. सांग की मी मेलो. पण पटंल असं सांग."

अफवा प्रतिबंध कक्षातून बाहेर पडलेली ती पहिली अफवा. ओंकार किटलीचा शॉक लागून गेला, असं निलेशने गहिवरून सांगितलं. पलीकडून हौशीरामने शांतपणे विचारलं, "त्याला चहा कुटं करता येतो?" मग तो म्हणाला की ही काहीतरी भानगड दिसते, मी गाडी काढून येतो आणि भाच्याच्या कानाखाली एक देतो. आणि त्याने फोन ठेवला.

तोवर पार्कच्या फाटकाशी जीप येऊन थांबल्या होत्या. आत्या, चुलते, भावकी, गळ्यात टॉवेल, हातात हार. आमचं माणूस द्या, असं ते म्हणत होते. पहारेकरी म्हणाला, कुणी मेलं नाही. त्यावर गर्दी एकदम खवळली. मेलं नाही म्हणतात म्हणजे नक्की लपवतायत. मॅडमनी 'सदर कर्मचारी सुखरूप आहे' असं खंडन टाकलं, तर खाली लोकांनी लिहिलं, मग दाखवा. ओंकारचा हसरा फोटो टाकला, तर लिहिलं, जुना आहे.

मॅडमचा चहा कधीच निवला होता. त्यांनी कप बाजूला सारला. माणूस जिवंत आहे आणि दोर मजबूत आहे, हे दोन्ही एकदम दाखवायचं तर उपाय एकच आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओंकारकडे पाहिलं. ओंकारने पंख्याकडे पाहिलं. पंखा आता त्याला बरा वाटायला लागला.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की मॅडम म्हणणार, मग आधी अफवा सोडणाऱ्याचं नाव दे. त्याला पट्टे बांधले, टोपी घातली आणि निलेशने पार्कच्या पानावरून थेट प्रक्षेपण सुरू केलं. फाटकातून सविता ओरडत आत आली. "मॅडम, जरा थांबा, दादाला पोचू द्या." कोणता दादा, हे विचारायला मॅडमना वेळ नव्हता. त्यांनी हात खाली केला आणि ओंकार सुटला.

तो किंचाळला नाही. किंचाळायला तोंड उघडावं लागतं. अर्ध्या वाटेवर वेग सरला आणि तो दरीच्या बरोबर मधोमध थांबला. हलकं माणूस असलं की असं होतं, दोर टाकून ओढून घेतो, असं पलीकडचा कामगार आरामात म्हणाला आणि दोर शोधायला गेला.

तेवढ्यात हौशीराम येऊन पोचला. गाडी स्टँडवर लावली, बाह्या सरसावल्या आणि कानाखाली द्यायला भाचा कुठे आहे म्हणून वर पाहिलं. सकाळपासून कुणाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा तो माणूस स्वतःच्या डोळ्यांनी भाच्याला दोरीवर लोंबकळताना बघत होता. तो मटकन खाली बसला.

"सवे, ह्याला कुनी चढवलं गं? आता मरतंय माझं लेकरू," असं म्हणून त्याने जो हंबरडा फोडला, त्याने आत्या रडल्या, चुलते रडले, पहारेकरी रडला. फक्त सविताचा चेहरा उजळला. "रडला," ती शेजारच्यांना सांगू लागली, "दादा रडला. कुनी गप करू नका त्याला."

हे सगळं थेट जात होतं. दरीत निपचित लटकलेला तरुण, खाली छाती पिटणारा माणूस, हार घेतलेले नातेवाईक आणि हसणारी आई. निलेशने घाबरून मोबाइल बंद केला तेव्हा ते हजारो लोकांनी पाहिलं होतं. कक्षातला पडदा लाल होऊन लाल राहिला. नवी बातमी: पार्कात दुसरा बळी. देहही दाखवला.

"कुणी टाकलं हे पहिल्यांदा?" मॅडम कडाडल्या. "नाव सांग. आत्ता तक्रार देते."

"आपल्याच पानावरनं गेलंय मॅडम," निलेश म्हणाला. "तुमच्या सांगण्यावरनं."

मॅडमनी दरीकडे तोंड फिरवलं.

"पहिल्यांदा कोणी टाकलं, ते उकरत बसण्यात काही अर्थ नसतो," त्या म्हणाल्या. "सकाळचंही राहू दे."

"तेच म्हनते मी," सविता म्हणाली.

मग तिने पदराने भावाचे डोळे पुसले आणि त्याला सगळं खरं सांगितलं. शिव्या चारावर थांबल्या नाहीत. त्या ऐकून घेत तिने वर पाहिलं आणि हात हलवला. "ओंकार, घाबरू नगंस आता. दोर तुटला तरी तुला काय व्हत न्हाई."

ओंकारने पहिल्यांदा डोळे उघडले. खाली दरी होती, पलीकडे धरणाचं पाणी होतं, आणि कामगाराला दोर अजून सापडला नव्हता. तरीही आपल्याला काही होणार नाही, याची त्याला आतून पक्की खात्री पटली होती. अफवा प्रतिबंध कक्षातल्या माणसाला त्या खात्रीइतकी भीती दिवसभरात दुसऱ्या कशाचीच वाटली नव्हती.