सव्वासहाची सायकल

गुरुवारी सकाळी साडेसहाला दारावर थाप पडली, तेव्हा राजश्री मुद्दाम अंथरुणात पडून होती. हायस्कूलला दिवाळीची सुट्टी होती आणि रविवारी महाड ते कशेडी घाट अशी सायकल स्पर्धा होती. तिच्या प्रशिक्षक उज्वला मॅडमनी पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "महिनाभर तुम्ही रोज घाट चढलात. शरीर थकलंय. ताकद सायकलवर येत नाही, नंतरच्या विश्रांतीत येते. शनिवारी उठल्या उठल्या नाडी मोजा. मिनिटाला छप्पनच्या वर ठोके पडले, तर स्पर्धेतून मी तुमचं नाव काढणार."

दारात ठकूबाई उभी होती, डोक्यावर भाजीची पाटी.

"बाय, येष्टी चुकली माजी. सव्वासाला तुजी सायकल गेली का मी घरातून निघते. आज तू गेलीच नाय. बरं नाय का गो?"

"बरी आहे, मावशी. विश्रांती घ्यायला सांगितलीय."

"कोनी?"

"पुण्याच्या मॅडमनी."

ठकूबाईने पाटी खाली ठेवली. "पुन्यापरयंत गेलं दुखनं, आनि आमाला पत्ता नाय!"

दहा वाजेपर्यंत बातमी गावभर झाली. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही, हे त्या गावात कुणालाच जमलं नसतं. कुणी शहाळं आणलं, कुणी गावठी अंडी. एका आजींनी तर अळिवाचे लाडू आणले आणि राजश्रीच्या पोटाकडे बघून गालात हसल्या. "तू उठू नको गो," असं प्रत्येकजण म्हणे आणि तिने उठून केलेला चहा पिऊन जाई. राजश्री विज्ञान शिकवायची, म्हणून तिने कप मोजले. सव्वीस झाले.

शुक्रवारी पहाटे नाडी भरली चौसष्ट.

"काल घाट चढलात ना?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"नाही. चहा केला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आज झोपा. उद्याचा आकडा शेवटचा."

राजश्रीने कारण शोधलं. लोक आले, कारण सव्वासहाला सायकल गेली नाही. तिने नवऱ्याला हलवून उठवलं. धम्मपाल तहसील कचेरीत लिपिक होता आणि दहाच्या आत त्याला कुठेच जायचं नसायचं.

"सायकल गेली पाहिजे. मीच जायला हवं असं काही नाही."

"मी? अगं, कॉलेजनंतर सायकलला हात लावला नाही मी!"

"पोलादपूरच्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल. कोण ओळखतंय?"

"आणि नाक्यावरच्या टपरीवरून मालोजींनी चहाला हाक मारली तर?"

"मी कधी थांबते का? नुसता हात वर करायचा."

राजश्री पुन्हा झोपली. धम्मपाल ठकूबाईच्या दारावरून गेला तेव्हा सहा पस्तीस झाले होते. सायकल दिसताच तिने पाटी उचलली आणि सलग दुसऱ्या दिवशी तिची एसटी चुकली. नाक्याच्या चढावर सायकल जेमतेम पुढे सरकत होती. मालोजींनी हाक मारली. ठरल्याप्रमाणे धम्मपालने हात वर केला आणि सायकलसकट रस्त्याकडेच्या गवतात आडवा झाला.

"बाई! अशा दुखण्यात कशाला निघालात?" म्हणत मालोजींनी धावत येऊन रुमाल सोडवला. आत मिशा होत्या.

धम्मपाल टेम्पोतून घरी आला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. मागोमाग गाव आलं. आज खाटेवर खराखुरा आजारी होता, त्यामुळे कालच्यापेक्षा सगळे समाधानात होते.

"बाईला उठवू नका," ठकूबाई कुजबुजली. "नवऱ्याचं दुखनं लपवून लपवून थकली बिचारी."

"मावशी, मी फक्त..." धम्मपालने सुरुवात केली.

"तू बोलू नको रे!" सगळे एकदम म्हणाले. ठकूबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळ्यांचा चहा टाकला. राजश्री आतल्या खोलीत दुपारपर्यंत झोपली, मग जेवून पुन्हा झोपली.

शनिवारी पहाटे नाडी भरली त्रेपन्न.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "काल काय केलंत नेमकं?"

"भार कमी केला."

"कमी नाही केला," खाटेवरून धम्मपाल कण्हला. "माझ्यावर टाकला."

एवढ्यात दारावर थाप पडली. पाटी घेऊन ठकूबाई उभी होती. तिने राजश्रीकडे पाहिलं, मग खाटेवरच्या धम्मपालकडे पाहिलं.

"बाय, आज सायकलवर कोन जानार? हा जानार असंल तर आताच सांग गो. येष्टी थांबवून ठेवते."