हात न टेकता

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर माझं नाव आहे. खरं तर तिथे शनिवार पेठेतल्या आगाशेकाकांचंही नाव हवं होतं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या माणसाच्या घरात एकही खुर्ची नव्हती.

ऐपत नव्हती असं नाही. होत्या त्या खुर्च्या, सोफा, पलंग, सगळं त्यांनी वाटून टाकलं होतं. दारावर पाटी होती : 'आत खुर्ची मिळणार नाही. खाली बसावे. उठण्याची जबाबदारी ज्याची त्याची.'

तालुक्याच्या गावाहून येऊन मी स्वारगेटला उतरलो आणि खोली शोधत हिंडलो. घरमालक आडनाव विचारत, डिपॉझिट विचारत, काय खाता ते विचारत. काकांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "बसा. आता उठा. हात न टेकता."

आमच्या गावच्या घरी खुर्ची एकच, आणि ती पाहुण्यांची. मी मांडी घातली आणि सरळ उठलो. अभ्यासाशिवाय पास झालेली ही माझी एकमेव परीक्षा. माझ्याआधी जिमला जाणारा एक मुलगा नापास होऊन गेला होता. त्याच्याबद्दल काका म्हणाले, "दंड आरशासाठी असतात. गुडघे आपल्यासाठी."

त्यांचं सगळं आरोग्यशास्त्र एका वाक्यात मावत असे : "अहो जाधव, जमिनीशी ओळख ठेवा." भाजी निवडायची खाली बसून, पेपर वाचायचा खाली बसून. लिफ्टला ते 'पेशंटांची पेटी' म्हणत आणि तीन जिने चढून आल्यावर तिच्याकडे कीव केल्यासारखं बघत. परीक्षा जवळ आली आणि मी जागरणं करू लागलो, तर त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला. सकाळी नदीकडे फिरवून आणायचे आणि पोळीभाजी पुढे ठेवायचे. मी भूक नाही म्हटलं की उत्तर यायचं, "उपाशी पेपर देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल. पेठेत नाही."

एकदा सोसायटीची सभा त्यांच्याकडे भरली. अर्थात सतरंजीवर. पार्किंगचा विषय लांबला, आणि संपला तेव्हा अध्यक्षांना उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. काका शांतपणे म्हणाले, "हा ठराव मात्र एकमतानं उचलला गेला." अध्यक्ष पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

या हट्टामागचं कारण मला उशिरा कळलं. काकू गेल्यापासून त्यांची नाशिकची लेक, वृंदाताई, त्यांना आपल्याकडे बोलवत होती. शेवटी बापलेकीत करार झाला : ज्या दिवशी बाबांना जमिनीवरून आपलं आपण उठता येणार नाही, त्या दिवशी पुणं सोडायचं. म्हणजे काका दिवसातून कितीतरी वेळा बसून उठत होते ते आपलं घर राखायला.

कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी मी तिथेच राहिलो. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर काका भिंतीला टेकून बसले होते. पुढे दुपारचं ताट तसंच होतं, आणि उजव्या हाताला लागलेला वरणभात पार वाळला होता.

"बसलोय जरा," ते म्हणाले. "बघताय काय?"

मी बॅग ठेवली, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि कण्हत म्हटलं, "काका, पाठ धरलीय. मला उठवत नाही. हात द्या."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वरणभात वाळलेला तो हात पुढे केला. एकमेकांना ओढत आम्ही दोघं उभे राहिलो.

"तरण्याताठ्या माणसाची ही अवस्था," ते पुटपुटले. थोड्या वेळानं म्हणाले, "जाधव, मी हात टेकला नाही."

"नाही काका. तुम्ही दिलात."

त्या रात्री ते पोटभर जेवले. सकाळी मात्र त्यांनी स्वतःच नाशिकला फोन लावला. मी अडवू लागलो तर म्हणाले, "करारात तुमचं नाव नव्हतं." जाताना खाली उतरले तेही जिन्यानं, कठडा धरून. घराची किल्ली मला देऊन गेले.

दिवाळीच्या आधी मी त्यांना हे पत्र पाठवलं :

'तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार.

ताईंकडे सोफा आहे असं कळलं. बसा त्यावर, मी कुणाला सांगणार नाही. इथे मी अजून खुर्ची घेतलेली नाही. अध्यक्ष परवा जिन्यानं चढून आले, धापा टाकत, आणि तुम्ही कधी येणार म्हणून विचारून गेले.

पाटी जागेवर आहे. फक्त शेवटची ओळ मी तुम्हाला न विचारता खोडली आहे. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा. दिवाळीला दोन पाट मांडतो. जेवून उठताना मला तुमचा हात लागेल.

आपला,
जाधव'