शिंप्याच्या टेंगळाचं कलम

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगार आपणहून हात पुढे करतात," असं आमचे हौशी गुप्तहेर भाऊजी स्वतःबद्दल सांगतात. ते अगदीच खोटं नाही. हस्तांदोलनाला हात सगळेच पुढे करतात. नजर गरुडाची, बुद्धी वकिलाची आणि पावलं मांजराची, हेही त्यांचंच मत. ही मांजराची पावलं जिन्यावरून गडगडताना मी पाहिली आहेत. मी त्यांचा मेहुणा, आणि त्याच गुन्ह्याची शिक्षा म्हणून त्यांचा सहाय्यक.

परवा थोरल्या शिंप्यानं आम्हाला बोलावलं. दोघा भावांचं एकच दुकान, शेजारी शेजारी दोन मशिनी. आदल्या दुपारी थोरल्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मारणारा दिसला नव्हता. पण त्याच सकाळी पंख्याच्या वेगावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, त्यामुळे त्याचा संशय धाकट्यावर. दुपारी जेवणं आटोपल्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत घालायला सुतार मापं घेत होता. वडिलांनी थाटलेलं दुकान संध्याकाळपर्यंत दोन होणार होतं. दोघांची तोंडं बघवत नव्हती.

भाऊजींनी नुकतंच फौजदारी कायद्याचं पुस्तक अर्धं वाचलं होतं. उरलेलं अर्धं रद्दीवाल्याला सापडलं नव्हतं.

"आधी कायदा," ते म्हणाले. "हात उगारला आणि समोरचा घाबरला, की झाला हल्ला. तोच हात लागला, की मारहाण. पण हेतू हवा!"

"मग मला काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"टेंगूळ," भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

पहिला संशय त्यांनी पँट उसवलेल्या गिऱ्हाइकावर घेतला. "उसवलेल्या पँटनिशी पळाला कसा असेल तो?" धाकटा म्हणाला. मग पाळी आली दारातल्या पुतळ्याची. त्याला हात नाहीत, हे मी हळूच कानात सांगितलं.

"म्हणूनच त्यानं डोक्यानं मारलं असणार!"

शेवटी त्यांनी कापड मोजायचा लाकडी गज उचलला. "आता समजा, मी धाकटा. तुम्ही बसलेले. मी असा मागून..." गज पंख्याला लागला, हातातून सुटला आणि सुताराच्या पाठीत बसला.

"अहो, मला का?"

"हेतू नव्हता, सबब गुन्हा नाही. शिवाय हा हल्ला फक्त समजायचाय."

"पाठ खरी आहे ना माझी!"

त्याच्याकडे दुर्लक्ष करून भाऊजींनी अपवाद सांगायला घेतले. संमती, स्वसंरक्षण, अपघात. प्रत्येक शब्दाला थोरल्याची मान डोलत होती. मला वाटलं, बुवा, पटतंय याला! अपघातापाशी ती मान डोलता डोलता थेट मशीनवर निघाली. धाकट्यानं झेप घेऊन कपाळाखाली तळहात घातला. थोरला तिथेच घोरायला लागला.

"रोज असंच होतं?" सुतारानं विचारलं.

"रोज. जेवला की डुलकी येते दादाला. मी मशीनवर चिंध्यांची उशी सरकवतो आणि तो जागा व्हायच्या आत काढतो. झोपतोस म्हटलं की चिडतो ना! काल रागात नाही ठेवली. कपाळ आपटल्याचा आवाज ऐकला, तरी मान वर केली नाही मी."

"कर्तव्यात कसूर!" भाऊजी कडाडले. "याचंही कलम..."

"साहेब, हळू बोला," थोरला डोळे न उघडता म्हणाला. मग धाकट्याला, "काढ आता. हात अवघडेल तुझा."

"असू दे."

थोरल्यानं डोकं उचललं नाही. तसाच म्हणाला, "पंखा वाढव हवा तर." सुतार फळ्या खांद्यावर घेऊन निघून गेला.

रस्त्यावर आल्यावर भाऊजींची छाती फुगली. "पाहिलंस? साक्षीदाराला नुसत्या बोलण्यानं झोपवून सत्य बाहेर काढायचं. ही माझी नवी पद्धत."

"नवी कुठली?" मी म्हणालो. "ताई लग्नापासून हेच सांगतेय."