आल्याच्या सालीचे वर्गीकरण

शनिवारी भाचीचं लग्न होतं आणि वधूवरांना उपदेशाचे चार शब्द सांगण्याचा मान दक्षिण कोरियातल्या देगू शहरातले निवृत्त हेडमास्तर प्यो दोक-ग्यु यांना मिळाला होता. मंगळवारी त्यांचा आवाज बसला. शब्दांऐवजी नुसता खोकला निघू लागला, म्हणून त्यांच्या पत्नी ग्वी-नामकाकूंनी आल्याचा चहा करायला घेतला. चमच्याने आलं खरवडलं, चकत्या केल्या, सुकी लाल बोरं काढली आणि सालीची वाटी हातात धरून त्या अडकल्या.

वसाहतीचा नियम स्पष्ट होता. जनावर खाऊ शकतं ते अन्नाच्या बादलीत, बाकीचं साध्या पिशवीत. यादीत कांद्याची साल होती, लसणाची होती, अंड्याचं कवचसुद्धा होतं. आल्याची साल नव्हती.

काकूंनी व्यवस्थापकांना फोन लावला. "अहो ब्योनसाहेब, साधी साल आहे, कुठं टाकू?"

"साधी आहे की नाही ते तुम्ही ठरवू नका, काकू. अर्ज करा. निर्णयापर्यंत साल आहे तशी ठेवा."

"आणि आलं?"

"ते त्याच सालीतून निघालंय ना? मग तेही."

काकूंनी गॅस बंद केला. बुधवारी घरोघरच्या भोंग्यांतून घोषणा झाली की सातशे दोन नंबरच्या घरात वर्ग न ठरलेली साल सापडली आहे, रहिवाशांनी घाबरू नये. लगेच सगळे घाबरले.

गुरुवारी वसाहतीची कचरा समिती आली. परीक्षक म्हणून बाराव्या मजल्यावरचा कुत्रा आणला होता. त्याने साल हुंगली, शिंकला आणि दारातली काकूंची चप्पल चावायला बसला.

"शिंकेला रकाना नाही," ब्योनसाहेब गंभीरपणे म्हणाले. चप्पल मात्र त्यांनी अन्नाच्या यादीत चढवली.

शुक्रवारी सकाळी खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार गेली. तासाभरात नोटीस आली: चोवीस तासांत खोकला बंद करावा, त्यासाठी आल्याचा चहा घ्यावा. सोबत जुनी नोटीस टाचली होती: आल्याला हात लावू नये.

काकूंचं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेली मेली समिती! उद्या लग्न आहे!" त्यांनी आलं, बोरं आणि वाटीभर साल एकाच पातेल्यात तासभर उकळली, वर मध ओतला. काकांनी चहा न गाळता प्यायला, चोथासुद्धा चावून खाल्ला. रात्री घसा मोकळा झाला. शनिवारी ते चाळीस मिनिटं बोलले, नवरदेव उभ्याउभ्या पेंगला.

सोमवारी ब्योनसाहेब दारात हजर. "पुराव्याची साल कुठाय?"

"खाल्ली."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

साहेबांचा चेहरा उजळला. अर्जातल्या 'जनावर खाते काय?' यापुढे त्यांनी 'होय' लिहिलं. 'जनावराचे नाव' यापुढे लिहिलं: प्यो दोक-ग्यु, ७०२.

"अहो, हेडमास्तर आहेत ते!" काकू ओरडल्या.

"बरं झालं सांगितलंत. शेऱ्यात घालतो."

मंगळवारपासून दारात रांग लागली. कुणाच्या हातात अक्रोडाची टरफलं, कुणाच्या हातात खेकड्याच्या नांग्या. "काका आहेत का घरात? गिळायला नको, नुसतं चावून बघू देत की!" काकांना आता खोकला आला तरी ते तोंड उघडत नाहीत.

हसताय ना? हसा. पण नारळाची करवंटी ओल्या डब्यात जाते की सुक्या, हे छातीठोकपणे सांगा बघू. नाही ना येत? मग पत्ता लिहून घ्या: सातशे दोन. आणि येताना करवंटी तेवढी धुऊन आणा, काकांचे दात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.