रेडिओत भरलेली तूट

लिलावात विकणाऱ्याच्या हातून किंमत चुकली, तर आमच्याकडे किंमत बदलत नाहीत, वस्तू बदलतात. किंमत कमी लिहिली गेली असेल, तर वस्तूतलं जादाचं काढून विकणाऱ्याच्या घरी ठेवतात. जास्त लिहिली गेली असेल, तर कमी पडेल तेवढं विकणाऱ्याच्या घरातून वस्तूत भरतात. लिलाव मोबाईलवर होतो, पण या कामाला माणूस घरी येतो. कऱ्हाडात हे काम हुपरीकर नावाचे गृहस्थ करतात. त्यांना सगळे जुळणीवाले म्हणतात.

माझ्या समोरच्या दारात कुमुदताई डुबल राहतात. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. ते गेल्यावर ताईंनी त्यांची सायकल लिलावात टाकली आणि किंमत लिहिताना एक शून्य राहून गेलं. हुपरीकर आले, सायकलीतलं जादाचं त्यांनी काढलं, जिन्याखाली ठेवलं आणि सही घेऊन गेले. ज्याने सायकल घेतली त्याला चाकं, सीट, ब्रेक सगळं ठीक मिळालं. घंटीचा खटका दाबला तर आवाज तेवढा येत नाही, असं तो सांगायचा.

तो आवाज इथे राहिला. रोज दिवेलागणीला जिन्याखाली घंटी वाजते, मग स्टँड लावल्याचा खणका येतो, मग पुन्हा घंटी. कुमुदताई पाण्याचा तांब्या घेऊन दार उघडतात. दार उघडलं की घंटी थांबते. ताई जरा बाजूला सरकून उभ्या राहतात, कुणाला तरी आत जाऊ देतात आणि दार लावून घेतात. बिल्डिंगमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर त्या घंटीवर कुकर लावतात.

यंदा ताईंनी बंद पडलेला रेडिओ विकायला काढला. लोणच्याच्या बरण्यांना जागा हवी होती. साडेचारशे ठरवले होते. मोबाईलवर आकडा टाकला आणि आहेराच्या पाकिटावर वरचा रुपया चिकटवावा तसा त्यांनी पुढे एक लावला. चारशे पन्नासच्या पुढे एक लावला की काय होतं ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी शेजारीच बसले होते आणि "वरचा रुपया विसरू नका हं" असं मीच म्हणाले होते.

चार हजार पाचशे एक रुपयांना एकच बोली लागली, परभणीहून. लिलाव बंद झाला.

"विजू, ह्या माणसाला वेडबीड लागलंय का गं?" ताई म्हणाल्या. "बंद रेडिओला एवढे?"

आम्ही फोन लावला. घेणाऱ्याचं नाव लोलगे होतं. आवाज शांत होता.

"अहो दादा, चूक झाली माझी," ताई म्हणाल्या. "रेडिओ लागत नाही. साडेचारशेचाच आहे. रद्द करून टाका."

"ताई, आम्ही किंमत बघूनच घेतलाय."

"पण तो वाजत नाही!"

"न वाजू द्या. एवढी किंमत आहे म्हणजे त्यात तेवढं काहीतरी येणारच. आईसाठी घेतोय. तिला अलीकडं घरात करमत नाही. आता तुम्ही आकडा लावलाय, तेवढं भरून द्या म्हणजे झालं."

घेणारा नाही म्हणाला की रद्द होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हुपरीकर आले. पिशवीतून त्यांनी दोन पारड्यांची तागडी काढली, कपाटाच्या कडीला अडकवली, एका पारड्यात रेडिओ ठेवला आणि दुसऱ्यात किमतीचं वजन. रेडिओचं पारडं वर गेलं आणि तिथेच राहिलं.

"बरीच तूट आहे," ते म्हणाले.

"चहा घेणार का?"

"काम झाल्यावर."

वस्तू तागडीजवळ नुसती आणायची असते. तिच्यात जेवढं असेल तेवढं पारडं खाली येतं. ताईंनी पितळी डबे आणले, लग्नातला शालू आणला. पारडं हललं नाही. भांडी-कपडे दुकानात मिळतात, ते भरायला चालत नाहीत, असं हुपरीकरांनी समजावून सांगितलं. घरात असलेलं आणि दुकानात न मिळणारं हवं. मग ताई स्वतःचा लोणच्याचा हात घेऊन उभ्या राहिल्या. पारडं नखभर खाली आलं.

"एवढंच?" ताई दुखावल्या. "अख्खी पेठ माझं लोणचं नेते, हुपरीकर!"

"मीठ जास्त असतं," हुपरीकर म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही दिलं होतंत."

मी म्हणाले, माझी पालीची भीती घ्या, ती पुष्कळ आहे. ते म्हणाले, शेजारचं चालत नाही.

मग त्यांनी तागडीकडे पाहत घसा साफ केला. "बाई, उगाच शोधाशोध कशाला? तुमच्या घरात मागची शिल्लक आहे. जिन्याखाली मीच ठेवली होती. शिल्लक असेल तर आधी तीच भरायची, असं आहे."

ताई खुर्चीत बसल्या. त्यांनी शालूची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ते नाही," त्या म्हणाल्या.

"दुसरं काही पुरत नाही."

"ते द्यायचं नाही, हुपरीकर. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते? ते दिलं तर हे यायचे थांबतील."

हुपरीकरांनी मान हलवली. त्यांना कळत होतं. तरी वजन करून बघावं लागेल, असं ते म्हणाले आणि आम्ही तिघं दिवेलागण व्हायची वाट बघत बसलो. बाहेर उजेड कमी झाला. ताईंनी उठून दिवा लावला, तांब्या भरला, पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पारडं खाली यायला लागलं. आवाज न करता ते किमतीच्या वजनाच्या बरोबरीला आलं आणि थांबलं.

त्यानंतर घंटी वाजली.

ताईंनी दार उघडलं, बाजूला सरकल्या, दार लावलं. हुपरीकर तागडीवरून नजर न काढता बसून होते. मग म्हणाले, "घंटीच्या आधी आलं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हे वजन घंटीचं नाही, बाईंचं आहे. वाट बघण्याचं." त्यांनी बोटाने पारडं हलवून पाहिलं. ते पुन्हा बरोबरीला आलं. "घंटीनेही तूट भरेल, पण राहत्या माणसाने स्वतःतलं दिलं तर शिल्लक सोडता येते. दोन्हीपैकी एक सांगा. मला साडेसातची एसटी आहे."

"घंटी राहील?" ताईंनी विचारलं.

"राहील."

"हे येत राहतील?"

"घंटी वाजत राहील," हुपरीकर म्हणाले. "मला तेवढंच लिहून देता येतं."

ताईंनी फार विचार केला नाही. "मग वाट बघणं न्या," त्या म्हणाल्या. "ती काय, परत बघेन."

मी "ताई" म्हणाले. एवढंच म्हणाले. त्यांनी रेडिओवर तळहात ठेवला, देवाच्या पेटीवर ठेवावा तसा, आणि थोड्या वेळाने उचलला. हुपरीकरांनी रेडिओ जुन्या चादरीत गुंडाळला, खोक्यात घातला आणि चिकटपट्टी मारली. नंतर चहा घेतला. साखर बरोबर आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मुद्दाम ताईंकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. रेडिओच्या जागी बरण्या मांडल्या होत्या आणि त्या जागेवर त्या खूश होत्या. घंटी वाजली. स्टँडचा खणका आला. पुन्हा घंटी वाजली.

ताईंनी मान वर केली नाही.

"ताई, घंटी."

"हो की. बघ बाई, तुझ्याकडे कोण आलंय ते," त्या म्हणाल्या आणि मेथीची जुडी सोडली.

घंटी वाजतच राहिली. अधूनमधून थांबायची, जिन्यात कुणी तरी पाय बदलून उभं राहावं तेवढी, आणि पुन्हा वाजायची. वरून वहिनी ओरडल्या, "अहो, दार उघडा की कुणीतरी!" शेवटी मीच उठले. ताईंचा तांब्या भरला, दार उघडलं आणि बाजूला सरकले. घंटी थांबली. माझ्या हाताला गार वारा लागला. मग आतली रिकामी खुर्ची करकरली.

"ये गं, बस," ताई मला म्हणाल्या. "दारात काय उभी?"

रेडिओ परभणीला पोहोचला. लोलगेंनी लिलावाच्या पानावर अभिप्राय लिहिला, तो मी ताईंना वाचून दाखवला. "रेडिओ वाजत नाही. संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याजवळ बसून दाराकडे बघतो. आईला फार करमतं. किंमत योग्य."

"चला, कुणाचं तरी भलं झालं," ताई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं. त्यांची तब्येतही सुधारली आहे. संध्याकाळी त्या आता फिरायला जातात, कृष्णेच्या घाटापर्यंत. येताना भाजी आणतात. जिन्याखाली घंटी वाजत असेल तर सायकल लावायला जागा नाही म्हणून कुणीतरी वाजवतंय, असं समजून बाजूने वर येतात.

दार मी उघडते. ताईंनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. पहिले काही दिवस मी घंटी ऐकून उठायचे.

काल ताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आल्या, तेव्हा मी त्यांच्या दारात तांब्या घेऊन उभी होते. पदर सारखा केला होता. जिन्याखाली अजून काही वाजलं नव्हतं.

"काय गं विजू," ताई हसून म्हणाल्या, "कुणाची एवढी वाट बघतेस?"

मी त्यांना आत जायला जागा दिली आणि दार उघडंच ठेवलं.