डोमाकाकांनी मोजलेले केस

मुलगी पाहायला जायच्या आठ दिवस आधी मी डोक्याचा गोटा केला. माझे वडील तेव्हा जिवंत होते.

दोष शेजारच्या डोमाकाकांचा, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. काकांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. माग माळ्यावर गेला, बोटं मात्र थांबली नाहीत. पंगतीत शेवया वाढल्या तरी आधी मोजत, मग खात.

मला डेंग्यू झाला, बराही झाला, आणि अडीच महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, तापात शरीरावर ताण आला, त्याचं हे. काही महिन्यांत आपोआप येतील, गप बसा. सोबत काका होते. त्यांनी एवढंच ऐकलं, ताण.

"ताणा म्हणजे आपलं खातं, बाबू," ते म्हणाले.

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. ते ज्यातून ओवतात ती फणी. त्यामुळे माझी केसांची फणीही काकांच्या खात्यात जमा झाली. रोज सकाळी ते आमच्या ओसरीत पांढरा पंचा अंथरत आणि म्हणत, "आन फणी." फणीत अडकलेले केस पहिल्या दिवशी एकशेचाळीस. मग एकशेतीस. "ताणा सुधरून राहिला." मी हसायचो, पण आकडा ऐकल्याशिवाय मला चहा जात नसे. चाळीसवर आला तेव्हा मीच आईला म्हटलं, एकोडीची मुलगी पाहून घेऊ.

दुसऱ्या दिवशी काका लग्नाला गेले होते, म्हणून मीच मोजले. एकशेसदतीस. तसाच तणतणत न्हाव्याकडे गेलो.

संध्याकाळपर्यंत अर्धं लाखनी गाव चेहरे पाडून आमच्या दारात उभं. ओसरीत पोहे खात बसलेले बाबा येणाऱ्या प्रत्येकाला काळजीने विचारत होते, "कोण गेलं?"

सगळ्यांत शेवटी काका आले. त्यांनी बाबांचा हात धरून तो गरम असल्याची खात्री केली आणि माझ्याजवळ बसले. मी विचारलं, खोटं काहून सांगत होते?

काकांनी पंच्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"तुह्या काकूले टायफाईड झाला होता. फणी पाहे अन् जेवण सोडे. मंग मीच मोजू लागलो. रोज पाच कमी सांगो. जेवाले लागली."

"केस आले?"

"आले ना. कमरेपर्यंत." मग आपल्या तुळतुळीत डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "मोजाची सवय राहून गेली. आता तुही काकू नाही. घरात फणी आहे, अन् मी हा असा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच पंचा अंथरला आणि गोटा पुढे केला. काका बराच वेळ काहीतरी मोजत होते.

एकोडीला बाबांना सगळ्यांत पुढे चालवलं, हयात म्हणून. तरी मुलीच्या मामाची नजर माझ्या डोक्यावरून हलेना. काका उठले, माझ्या खुंटांवरून बोट फिरवलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "आजच मोजले. नवे सहाशे. ताणा पक्का आहे."

यावेळी त्यांनी कमी सांगितलं नव्हतं.

मामांनी मुलीला विचारलं, तुले काही विचारायचं आहे का? पुढे होकार तिनेच दिला, म्हणून सांगायला हरकत नाही. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे.

"केस त येतील म्हणता," ती म्हणाली. "अकलेचं डॉक्टर काय म्हणाले?"