श्रीमंत अन्सेल्मो यांस हातमोजे चढविले त्या मोहिमेची हकिकत

अग्नी, मांस आणि मीठ या त्रयीस नमन करून लिहिण्यास प्रारंभ केला. उरुग्वाय नदीचे तीरी पायसांदू शहर, तेथील ओलासाबाल घराण्याचे परसदारी जे रणकंदन जाहले, त्याचे वर्तमान पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हेने सांगितले, आणि जे त्या दिवशी गावातही नव्हते त्यांनी तर सर्वांहून तपशीलवार सांगितले, म्हणोन खरे ते एकदा कागदावर उतरविणे प्राप्त जाहले. हातमोजा म्हणजे क्षुल्लक वस्तू, त्यावर काय बखर लिहायची, ऐसे ज्यांस वाटत असेल त्यांनी येथूनच माघारी फिरावे, त्यांजवर राग नाही.

श्रीमंत अन्सेल्मो ओलासाबाल, वय वर्षे सत्तर, हे एक्केचाळीस वर्षे दर रविवारी मांस भाजण्याचे जाळीचे तख्तावर विराजमान होते. निखाऱ्यांवरील बरगड्या उघड्या हातांनी उलटाव्या, चिमट्यास शिवू नये, आणि पोळले तरी चेहऱ्यावर रेषा हलू देऊ नये, ऐसा त्यांचा रिवाज. परंतु गेल्या सालात पोळण्याचे प्रमाण फार वाढले. दवाखान्यातील परिचारिकेने चार वेळा पट्टी बांधिली आणि चौथे खेपेस साफ सांगितले की, आजोबा, पुढची जखम चिघळली तर बोट जाईल. खाशांनी मोठ्याने हसून तिलाच धीर दिला. त्यांचे कुटुंब, ओर्तेन्सिया बाईसाहेब, तेथेच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

मग घरी येऊन बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, येत्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा, बत्तीस पाने जेवावयाची, त्या दिवशी खाशांनी हातमोजे चढवून जाळीपाशी उभे राहावे, आणि ते मंजूर नसेल तर जाळीचा कुल अखत्यार जावई गास्तोन यांजकडे सोपवून स्वस्थ खुर्चीत बसावे. आता हे गास्तोन कोण, तर मोन्तेविदेओ राजधानीचे रहिवासी, स्वभावे गोड, परंतु मांस गॅसवर भाजणारे. बटण दाबले की यांचा विस्तव तयार. सासऱ्यांनी ही गोष्ट लग्नानंतर तीन वर्षे व्याह्यांस दोष देत सोसली होती.

"हातमोजे गोलकीपर घालतो," खासे म्हणाले. "मी काय तिथे गोल अडवायला उभा राहतो?"

"बरं," बाईसाहेब म्हणाल्या, "मग गास्तोनला सांगते, येताना सिलिंडर घेऊन ये."

यावर खासे माते, म्हणजे त्या मुलखातील कडू पाल्याचा काढा, प्यावयास बसले. बाईसाहेबांनी हीच संमती समजून बगलेत गरम पाण्याचा थर्मास मारिला, हाती मातेचा तुंबा घेतला, आणि जातीनिशी कूच करून सेवेरीनो यांचे लोखंडी सामानाचे दुकानास वेढा घातला.

सेवेरीनो यांनी चार जोड काढून फळीवर मांडिले आणि एकेकाची ऐसी तारीफ केली की जणू ते स्वतः आगीतूनच जन्मले. बाईसाहेबांनी तारीफ पुरती ऐकून घेतली, मग आज्ञा केली की, बोलणे पुरे, हात पुढे करावा. प्रथम विणीचे कापडी मोजे, ज्यांचे वेष्टनावर पाचशे अंशांचा दावा मोठ्या अक्षरांत होता. ते सेवेरीनो यांनी चढविले आणि बाईसाहेबांनी थर्मासातील मातेचे पाणी त्यांजवर ओतिले. कापड पाणी प्याले, पाण्याने हात गाठला, आणि सेवेरीनो फळीमागे असे काही नाचले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. दुसरे वेल्डिंगचे चामडी मोजे, यांनी पाणी अडविले खरे, परंतु त्यांत बोटे अशी ताठली की खिळा उचलता येईना, मग तेलकट बरगडी काय उचलणार. तिसरे सिलिकोनचे, दाणेदार, रंगाने भडक, मनगटापाशीच संपणारे, त्यांतून ओघळ सरळ आत उतरला आणि सेवेरीनो दुसरे खेपेस नाचले, देवाचे नाव घेत. चौथे काळ्या रबराचे, आतून सुती अस्तर, लांबी कोपराजवळ. यांजवर सगळा थर्मास रिता जाहला तरी सेवेरीनो शांत उभे राहिले, आणि हुकूम होताच खिळाही उचलिला. ऐसा निवाडा होऊन काळे मोजे सरकारी रुजू जाहले. सेवेरीनो यांस मलम लावून बाईसाहेब परतल्या.

रविवार उजाडला. पाव्हणे जमले, लाकडे पेटली, निखारे पडू लागले. खाशांनी मोजे चढविले ते सुतकात बसल्यासारखे तोंड करून, आणि जो तो "शस्त्रक्रिया किती वाजता?" म्हणोन विचारी. मग जाळीची धग तपासण्याची वेळ आली. ती तपासण्याची त्या मुलखातील रीत ऐसी की, तळवा जाळीवर वीतभर उंच धरावा आणि आकडे मोजावे. बरगड्यांस पाचावर हात मागे यावा, तर धग बेताची. खाशांनी एक्केचाळीस वर्षांचे सवयीने तळवा धरिला, मोज्यासकट, आणि पंधरापर्यंत मोजले तरी हात मागे येईना. मग ते म्हणाले की जाळी थंड आहे, आणि फावडे भरून निखारे सारिले. पुन्हा तळवा धरिला, पुन्हा पंधरा, पुन्हा फावडे. इतक्यात जाळीवर आधीच मांडिलेले चोरीसो सॉसेज फटाफट फुटू लागले, चरबी पेटून ज्वाळा छातीस भिडली, आणि बरगड्यांची पहिली फळी कोळसा होऊन रणी पडली. गास्तोन यांनी पुढे होऊन अदबीने कळविले की, सिलिंडर गाडीत आहे, सहज आणिला होता.

तेव्हा सर्वांस उमगले की मोजा घालून धग तपासणे म्हणजे डोळे बांधून रंग ओळखणे, आणि हशा पिकला. खाशांस तर संधीच हवी होती. त्यांनी मोजे काढून भिरकाविले आणि उघडा तळवा जाळीवर धरिला. सहा, सात, आठ. पाव्हण्यांनी वाहवा केली. दहा, अकरा, बारा. खाशांचे चेहऱ्यावर रेषा हलली नाही, आणि लोक म्हणाले, काय ही छाती, आता असे पुरुष निपजत नाहीत.

बाईसाहेबांस मात्र जळल्या केसांचा वास आला. त्या घरातील बायकांनी सॅलड कापावे, जाळीपाशी येऊ नये, हा दंडक मोडून त्या सरळ पुढे गेल्या आणि खाशांचे शेजारी आपला तळवा धरिला. तीन मोजेपर्यंत त्यांस धरवेना. त्यांनी खाशांचे मनगट पकडून हात मागे ओढिला, आणि तळवा पाहिला, तो लालभडक होता. ही मर्दुमकी नव्हे, हे त्यांस एका क्षणात कळले.

"म्हाताऱ्या," त्या हळूच म्हणाल्या, "कधीपासून?"

खाशांनी पाव्हण्यांकडे पाहिले, मग निखाऱ्यांकडे. "मागच्या हिवाळ्यापासून. बोटं आहेत, पण लागत नाही काही." मग म्हणाले, "जाळी काढून घेऊ नकोस माझ्याकडून."

बाईसाहेबांनी डोळे पुसले आणि धूर फार आहे म्हणोन धुरास शिवी दिली. मग भिरकाविलेले मोजे उचलून आणिले, खाशांचा तळवा गार पाण्यात पुष्कळ वेळ धरून ठेविला, त्यावर स्वच्छ फडके बांधिले, वरून मोजे कोपरापर्यंत स्वहस्ते चढविले, आणि आज्ञा केली की, धग मी मोजीन, मांस तू उलटशील, आणि जो मध्ये तोंड घालील तो उपाशी राहील. गास्तोन यांस कांदा कापावयाचे कामी नेमिले, तो त्यांनी उत्तम कापिला. बाईसाहेब मोजीत, "पाच, बस," म्हणत, आणि खासे निखारे सारीत. ऐसे दोन घटका चालोन दुसरी फळी सुखरूप उतरली. जेवण दीड तास उशिरा जाहले, कडेचे तुकडे जरा सुकेच होते, परंतु ते बोलून दाखविण्याची कोणाची छाती जाहली नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे भाजणाऱ्यास टाळ्या पडल्या, आणि खासे त्या घ्यावयास एकटे उठले नाहीत.

पाव्हणे गेल्यावर बाईसाहेबांनी मोजे उतरविले आणि खाशांचे एकेक बोट चिमटीत धरून विचारिले, "हे लागतं? आणि हे?" खाशांनी नदीकडे पाहात खरे ते सांगितले. सोमवारी सकाळी सातास दवाखान्याची वेळ मुक्रर जाहली, त्यास खाशांनी हरकत घेतली नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नुकसान: चोरीसो अठरा, बरगड्यांची फळी एक, सेवेरीनो अर्धवट भाजले. लाभ: खाशांची दहाही बोटे शाबूत, पैकी जाणती तीन, बेखबर सात. त्या साती बोटांचा कारभार त्याच दिवसापासून ओर्तेन्सिया बाईसाहेबांनी आपले हाती घेतला, तो अद्याप त्यांजकडेच आहे.